कौंटी अभिलेख, व्हर्जिनियातील
कौंटी अभिलेख, व्हर्जिनियातील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्जिनिया राज्यातील कौंटी (परगणा) न्यायालयांची न्यायालयीन, विवाहविषयक व करविषयक कागदपत्रे. १६३४ मध्ये या इंग्रज वसाहतीचे आठ परगणे पाडण्यात आले. ॲकोमॅक येथील न्यायालयाची (पुढे नॉर्थॅम्प्टन कौंटी) दप्तरे मात्र त्यापूर्वीची, १६३२ पासूनची असून ती इंग्रजी अमेरिकेतील सर्वांत जुनी अखंड कौंटी-दप्तरे होत.

न्यायालयीन अभिलेख : स्थानिक जमीनदारांमधून नेमलेले न्यायाधीश दाव्यांबरोबरच मृत्युपत्रे, अनाथांचे पालकत्व व जमिनीचे हस्तांतर यांचीही नोंद करवीत. त्यामुळे सामान्य माणसांचा इतिहास या दप्तरांतून मिळतो. आफ्रिकेतून आणलेला व पुढे मुक्त होऊन जमीनधारक बनलेला अँथनी जॉन्सन याची हकीकत नॉर्थॅम्प्टनच्या दप्तरांत आहे. आगीत त्याचे नुकसान झाल्याने १६५३ मध्ये न्यायालयाने त्याची पत्नी व मुली यांना करातून सूट दिली. १६५५ मध्ये जॉन कॅसर या कृष्णवर्णीयावरील त्याचा मालकी हक्कही न्यायालयाने मान्य केला. वंशभेद आणि गुलामगिरी यांची घडण किती गुंतागुंतीची होती, हे अशा नोंदींवरून दिसते. टी. एच. ब्रीन व स्टीफन इनेस यांनी त्यांच्या आधारे १९८० मध्ये या कौंटीतील मुक्त कृष्णवर्णीयांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

विवाहविषयक अभिलेख : विवाहास कायद्याची आडकाठी नाही, अशी हमी देणारे बंधपत्र वर व जामीनदार लिहून देत. जामीनदार बहुधा वधूचा नातलग असल्याने कुटुंबसंबंध कळतात. मात्र बंधपत्र विवाहाचा हेतू सिद्ध करते, विवाह झाल्याचे नव्हे. त्यासाठी धर्मगुरूने पाठविलेले विवरण पाहावे लागते.

करविषयक अभिलेख : १७८२ पासून जमीन व जंगम मालमत्ता यांच्या करयाद्या राज्यभर होऊ लागल्या. लागोपाठच्या याद्यांत पुरुषाचे नाव जाऊन त्याच्या जागी विधवेचे नाव आल्यास मृत्यूचा सुमार काढता येतो. १७९० च्या राष्ट्रीय जनगणनेची व्हर्जिनियाची मूळ पत्रके उपलब्ध नसल्याने १९०८ मध्ये कुटुंबप्रमुखांची यादी छापताना राज्याच्या १७८२–८५ मधील याद्या वापरण्यात आल्या.

मर्यादा : हे अभिलेख इतिहासासाठी नव्हे, तर मालमत्ता व महसूल यांच्या रक्षणासाठी निर्माण झाले. गुलामांची नोंद त्यांत प्रामुख्याने मालकाच्या मालमत्तेत आढळते. त्यांच्या विवाहास कायद्याची मान्यता नव्हती. १८६६ च्या कायद्याने पतिपत्नी म्हणून राहणाऱ्या मुक्त गुलामांचे विवाह वैध ठरले. त्या वेळच्या सहवास-नोंदवह्यांत पतिपत्नींची नावे, वये, जन्मस्थाने, पूर्वीचे मालक व मुले यांची माहिती आहे. परंतु मोजक्याच कौंट्यांच्या नोंदवह्या उरल्या आहेत. यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी रिचमंडला हलविलेली अनेक कौंट्यांची दप्तरे एप्रिल १८६५ च्या आगीत नष्ट झाली. म्हणून एखादे नाव न आढळणे हा ती व्यक्ती नसल्याचा पुरावा ठरत नाही. तिन्ही प्रकारचे अभिलेख परस्परांशी ताडून पाहिल्यावरच त्यांतून विश्वसनीय निष्कर्ष निघू शकतो.