परिषदेचा विषय कसा ठरवावा, गोषवारे कसे तपासावेत?

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळे सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने अभ्यास परिषद घेऊ इच्छिणारी महाविद्यालये, संस्था व कार्यकर्ते यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

विषय

‘बाबासाहेबांचे विचार आणि आजचा काळ’ असा विषय ठेवला तर त्यात काहीही बसते. मग परीक्षकांना कोणताच निबंध विषयाबाहेरचा म्हणता येत नाही. म्हणून विषयात एक प्रश्न असावा. उदाहरणार्थ, कायद्याने खुले झालेले पाणी प्रत्यक्षात केव्हा खुले होते? मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही पाणी पिण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. या प्रश्नासाठी ठराव, खटल्याचे कागद व ‘बहिष्कृत भारत’चे अंक ही साधने आहेत. आजच्या गावातील विहीर, नळ आणि टँकरही त्यात येतात. उपविषय चार-पाचच ठेवावेत.

परीक्षण

निकष आवाहनातच छापावेत : प्रश्न स्पष्ट आहे का, साधने कोणती, अभ्यासपद्धती कोणती, नवे काय सांगितले आहे, विषयाशी संबंध किती. प्रत्येक निकषाला गुण ठेवावेत. गोषवारा परीक्षकांकडे पाठवताना नाव, आडनाव, संस्था व मार्गदर्शकाचे नाव काढून टाकावे. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखली जाते, म्हणून ही केवळ तांत्रिक बाब नाही. प्रत्येक गोषवारा दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा. दोघांच्या गुणांत मोठी तफावत असल्यास तिसऱ्याकडे द्यावा. स्वतःच्या विद्यार्थ्याचा गोषवारा कोणी तपासू नये. भाषा ग्रामीण आहे, इंग्रजी कच्चे आहे, एवढ्यावरून गुण कापू नयेत. नकार कळवताना दोन ओळींचे कारण द्यावे. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून पुढची वाट मिळते.

मतभेद म्हणजे दोष नव्हे

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी वाचल्यावर त्यातील काही भाग गाळण्याची मागणी झाली. बाबासाहेबांनी ती नाकारली आणि अधिवेशनच रद्द झाले. ते भाषण त्यांनी त्याच वर्षी स्वखर्चाने ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने प्रसिद्ध केले. आयोजकांना निष्कर्ष पेलला नाही, एवढेच त्या नकारामागचे कारण होते.

आपल्या परिषदेतही आंबेडकरी चळवळीवर, धम्मसंस्थांवर टीका करणारा निबंध येऊ शकतो. पुरावा कच्चा असेल तर तो जरूर नाकारावा. पुरावा पक्का असेल, तर त्याला व्यासपीठ द्यावे आणि उत्तर चर्चेत द्यावे.