शंकरपट : थांबलेल्या खेळाचे परतणे

धानाची कामे आटोपली की भंडारा जिल्ह्यात शंकरपटाचे दिवस येत. दिवसा बैलजोड्यांची शर्यत आणि रात्री नाटक, असे या उत्सवाचे जोडरूप होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा अभ्यास करताना पटाकडे दुर्लक्ष करता येत नाही, असे आम्हांस वाटते ते यामुळेच. पटासाठी गावोगावहून येणारे सोयरे हेच रात्रीच्या नाटकाचे प्रेक्षक असत.

या जोडीतला पहिला भाग ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबला. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. नाटक मात्र तगून राहिले. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि नाटकाचे मंडपही ओस पडले. एका निकालाने दिवस गेला होता, साथीने रात्रही नेली.

परतण्याची वाट सरळ नव्हती. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात तिसऱ्या लाटेमुळे राज्यात पुन्हा निर्बंध लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पी चर्मरोग पसरला, आणि गुरांचे बाजार व शर्यती यांवर बंदी आली. माणसांच्या साथीतून सुटलेला खेळ जनावरांच्या साथीत अडकला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा कुठे त्याला स्थैर्य लाभले.

परंतु न्यायालय परवानगी देऊ शकते, बैल देऊ शकत नाही. पटाचा बैल वासरापणापासून घडवावा लागतो. त्याचा खुराक, सराव, जोडीदाराची निवड हे सारे ज्ञान हातांत असते, ग्रंथांत नसते. सात वर्षांत पटाच्या बैलांची एक पिढी म्हातारी होते. शेतात ट्रॅक्टर रुळला की निव्वळ शर्यतीसाठी जोडी पोसणे अल्पभूधारकाच्या आवाक्यात राहत नाही. एरवी नांगर ओढणारी जोडी हौसेने पटात उतरवणाऱ्याचा हा खेळ हळूहळू ऐपतदारांकडे सरकतो.

बंदीमागचा आक्षेप पोकळ होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पराणी आणि चाबूक यांनी होणारे हाल खरे होते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी आणि मारहाणीस मनाई या अटी म्हणूनच योग्य आहेत.

आमचा प्रश्न निराळा आहे. न्यायालयात पटाचा बचाव 'संस्कृती' आणि 'परंपरा' या शब्दांनी झाला. चालू असताना तो कोणाला परंपरा वाटत नव्हता. तो शेतीच्या वर्षातला एक विसावा होता. थांबल्यावर त्याला वारशाचे नाव मिळाले. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही : ओवी संग्रहात आली, तेव्हा जाते घरातून निघू लागले होते. शंकरपट परतला आहे. मात्र ज्या शेतीतून तो उगवला, ती त्याच्याबरोबर परतलेली नाही, याची नोंद कोणत्याही निकालपत्राने नव्हे, आपणच ठेवायची आहे.