बचावफळीतला माणूस

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा यांची गाठ पडली, म्हणजे आमच्या हातकणंगल्याकडूनही माणसे तिकडे लोटतात. तालमींच्या त्या गावात फुटबॉलही तालमींच्याच नावाने खेळला जातो; तेव्हा तो पाहण्याची दृष्टी कुस्तीचीच राहावी, यात नवल नाही. चितपट करणारा मल्ल ध्यानात राहतो. बलाढ्य जोडीला दाद न देता कुस्ती बरोबरीत सोडवणारा मात्र एकटाच घरी परततो. बचावपटूचे नशीब या दुसऱ्या मल्लाचे.

मागे वळून पाहिले तरी हेच दिसते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून शील्ड जिंकली. गोल करणारे शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष बंगालच्या तोंडी राहिले. पाठीमागे उभे असलेल्या भुती सुकुल व सुधीर चटर्जी यांना कितीजण ओळखतात? चटर्जींची आठवण निघते, तीही अकरांत बूट घातलेले तेवढे एकटेच, म्हणून! अपवाद गोष्ठ पाल यांचा. लोक त्यांना चीनची भिंत म्हणत, आणि १९६२ साली पद्मश्री मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. पण गोऱ्या पलटणीला नुसते अडवणे हाही त्या काळी पराक्रमच होता, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या मराठी मुलखाकडे येऊ. राहुल भेके हा १९९० साली जन्मलेला मुंबईचा खेळाडू. ईस्ट बंगालकडून खेळून तो पुढे बेंगळुरूकडे गेला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. गोव्याविरुद्ध गोलफलक कोराच राहून खेळ जादा वेळेत गेला होता. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि बेंगळुरूला पहिले विजेतेपद मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून खेळताना त्याच्याच हेडरने इराकच्या एअर फोर्स क्लबवर २-१ असा जय मिळाला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय संघाचा तो पहिलाच विजय. २०२४ साली मुंबईने लीगचा चषक उचलला, तेव्हा कर्णधार तोच होता.

आता गंमत पाहा. आम्ही ही यादी सांगितली ती गोलांची आणि चषकांची! अडवलेल्या चेंडूंची वही आमच्याजवळही नाही. म्हणजे बचावपटूला नाव मिळवायचे, तर दुसऱ्याचे काम करून दाखवावे लागते. बरे, तेवढ्यानेही भागते असे नाही. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला भारताने मालदीवला ३-० असे नमवले. पहिला गोल भेकेचा, तिसरा निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या सुनील छेत्रीचा. सामन्यानंतर चर्चा झाली ती छेत्रीची.