येशूसंघीयांची कडू साल

आपल्या वाडवडिलांच्या पिढीला कोयनेलची कडू चव चांगलीच परिचयाची होती. या गोळीच्या इतिहासात ख्रिस्तसभेचाही एक अध्याय आहे. तो वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांला वाटते.

सतराव्या शतकातील रोम हे हिवतापाचे माहेरघर होते. १६२३ साली नव्या पोपच्या निवडणुकीसाठी जमलेल्या कार्डिनलांपैकी अनेक जण तापाने अंथरुणाला खिळले, काही दगावले. निवडून आलेले आठवे उर्बन स्वतःही आजारी पडले.

त्या काळी पेरू देशातील लिमा येथे ब्रदर ऑगस्तिनो सालुम्ब्रिनो हे येशूसंघीय आपल्या विद्यालयाचे औषधालय चालवीत होते. अँडीज पर्वतातील लोहा प्रांतात एक झाड होते. त्याची दालचिनीच्या रंगाची साल तापावर गुणकारी ठरत होती. ही साल येशूसंघीयांमार्फत रोमला पोहोचली. तेथे कार्डिनल हुआन दे लुगो यांनी तिची परीक्षा करवून ती गोरगरिबांना मोफत वाटली. १६४९ च्या सुमारास रोममध्ये छापलेल्या एका पत्रकात सालीची भुकटी कडक द्राक्षारसात भिजवून केव्हा व किती घ्यावी, हेही सांगितले होते.

मात्र 'जेज्वीटांची भुकटी' हे नावच औषधाला नडले. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये ती पोपपंथीयांची कावेबाज खेळी वाटली. रॉबर्ट टॅल्बर नावाचा वैद्य या भुकटीविरुद्ध लोकांना सावध करी आणि आपले गुप्त औषध विकी. त्याने राजे दुसरे चार्ल्स यांचा ताप उतरवला. फ्रान्सचे राजे चौदावे लुई यांनी त्याचे रहस्य विकत घेतले आणि टॅल्बरच्या मृत्यूनंतर १६८२ साली ते प्रसिद्ध झाले. पाहतात तो काय, त्या गुप्त औषधात तीच साल! १६९३ साली चीनचे सम्राट कांगशी याच औषधाने बरे झाले. त्यांनी फ्रेंच येशूसंघीयांना पेकिंगच्या राजनगरीत जागा दिली आणि तेथे पुढे चर्च उभे राहिले.

चिंचोनच्या काउंटेसची कथा अनेकांनी ऐकली असेल. व्हाइसरॉयची ही पत्नी सालीने बरी झाली व तिने ती स्पेनला नेली, असे १६६३ साली सेबास्तियानो बादो यांनी लिहिले. त्यावर विसंबून लिनियसने १७४२ साली झाडाला 'सिंकोना' नाव दिले, त्यातही एक अक्षर गाळले. प्रत्यक्षात काउंटेस परतीच्या वाटेवर कार्ताहेना येथेच वारली. स्पेनला ती पोहोचलीच नाही. कथा गोड आहे, पण ती सोडून द्यावी हे बरे. सालीची ओळख करून देणारे अँडीजचे मूळ रहिवासीच असणार, असे आमचे मत आहे. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

१८२० साली पेलतिए आणि काव्हान्तू या फ्रेंच रसायनज्ञांनी सालीतून क्विनीन हे अल्कलॉइड वेगळे केले. हिवतापाचा जंतू रक्तातील हिमोग्लोबिन पचवताना निर्माण होणारे विष निरुपद्रवी करून टाकतो. क्विनीन त्याला ते करू देत नाही आणि जंतू स्वतःच्याच विषाने मरतो. त्याच सालीतील क्विनिडीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर वापरले गेले.

१८६० नंतर निलगिरीवर सिंकोनाचे मळे झाले. १८९२ पासून बंगालमध्ये पैशाला एक पुडी या दराने क्विनीन टपाल कचेरीत मिळू लागले. सर्वांत कसदार बी मात्र जावामध्ये डचांच्या हाती गेले. बोलिव्हियातील आयमारा जमातीच्या मानुएल इंक्रा मामानी याने ते चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यासाठी गोळा केले होते. पुढे त्याच कारणावरून मामानीला तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्या जातीच्या झाडाला 'लेजरियाना' म्हणतात.