तुकोबांचा भंडारा, आमचा भंडारा

भंडारा म्हटलं की आम्हा मोहाडीकरांना आपला जिल्हा आठवतो. वारकऱ्याचा भंडारा मात्र देहूजवळचा डोंगर. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू गेले, व्यापार बुडाला. महाराज डोंगरावर एकांतात नाम घेत बसत. पण तिथेच राहिले नाहीत. खाली येऊन कीर्तनाला उभे राहिले. आम्हाला ही गोष्ट मोठी वाटते.

नामाने जीव थंडावतो कसा? इटलीतील डॉ. बर्नार्डी यांनी 2001 साली 23 जणांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सावरते. श्वास सोडताना ठोके मंदावतात ना, तेच हे. हरिपाठाचा चरण ओढून म्हणताना आपलंही असंच होत असावं. धावत्या चालीत ते कुठून साधणार!

आषाढीला आपल्याकडे धानाची रोवणी. ती टाकून निघालेल्याच्या छातीत धडधड असते. कुणाचं माणूस गेलेलं, कुणावर कर्ज. महिनोन्महिने झोप नसेल तर डॉक्टरकडे जावंच, माळकऱ्याने त्यात कमीपणा मानू नये. दिंडीत त्याला कुणी खोदून विचारत नाही. मधल्या ओळीत घेतात, हाती टाळ देतात. मग एखाद्या मुक्कामी, जेवणं उरकल्यावर, तो आपणहून बोलू लागतो.