कोठारांतील कुंड आणि शेतांतील वापसा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराच्या आवारांत अरत्निभर, म्हणजे सुमारें हातभर रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा, असा नियम सांगितला आहे. हें काम सन्निधात्याकडे, म्हणजे राजाचा कोश आणि कोठारें सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे सोंपविलें आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत जांगल प्रदेशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस द्रोण, असे पावसाचे आंकडेही दिले आहेत. पाऊस पडे शेतकऱ्याच्या रानांत; त्याचें माप मात्र राजाच्या दारीं होई.

कोरियाचा इतिहासही याच मासल्याचा आहे. तेथील सेजोंग राजाच्या कारकीर्दींत १४४१ सालीं पर्जन्यमापक तयार झालें, व दुसऱ्याच वर्षीं एका ठरीव मापाचीं तशीं पात्रें प्रांतोप्रांतीं धाडून पावसाच्या नोंदी दरबारीं मागविण्याची व्यवस्था झाली. दूरदूरच्या मापांचें जाळें विणून त्यांची वार्ता एके ठिकाणीं आणण्याची कल्पना आजची नव्हे, हें यावरून दिसेल. याच राजानें १४४४ सालीं जमिनीच्या साऱ्याची नवी पद्धत घालून दिली. राजा प्रजाहितदक्ष होता, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु पाऊस आणि सारा यांची सांगड तेथेंही सुटली नाहीं.

आमच्याकडे इंग्रजी अमलांत तालुक्याच्या कचेरीच्या आवारांत पर्जन्यमापक आलें. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें, आणि १९३२ सालीं पुण्यास डॉ. लक्ष्मीनारायणपुरम् अनंतकृष्ण रामदास यांच्या हाताखालीं कृषिहवामानाची शाखा सुरू होऊन पीक व हवा यांचा संबंध शास्त्रीय रीतीनें तपासला जाऊं लागला. ही सेवा मोठी खरी. तथापि दुष्काळांत सारा माफ करावयाचा कीं नाहीं, हें कचेरींतील आणेवारी ठरवी. शेतकऱ्याच्या हातीं अर्ज करण्यापलीकडे कांहीं नसे.

त्याच्यापाशीं स्वतःचें माप नव्हतें असें मात्र नाहीं. मूठभर माती दाबून तो वापसा आला कीं नाहीं हें ओळखतो. परंतु मूठ पोंचते चार बोटें. मुळें जातात हातभर खालीं. वर भेगाळलेली जमीन खालीं चिंब असूं शकते. ही अडचण दूर करण्यास विसाव्या शतकांत दोन युक्त्या निघाल्या. एक, पाण्यानें भरलेली सच्छिद्र मातीची कुपी जमिनींत पुरणें. माती वाळली कीं ती कुपींतलें पाणी ओढूं लागते, आणि ती ओढ वरच्या मापकावर वाचतां येते. दुसरी, १९४० सालीं मिशिगन येथील बूयूकोस व मिक यांनीं प्रसिद्ध केलेली जिप्समची वडी. तिच्यांत दोन तारा असतात; वडी ओली असली कीं वीज सुखानें वाहते, सुकली कीं अडते. दोन्ही साधनें सोपीं. परंतु तीं दीर्घकाळ प्रयोगशाळांत आणि मोठ्या बागाइतदारांकडेच राहिलीं.

पुढें विजेच्या बारीक चकत्या स्वस्त झाल्या. २००५ सालीं इटलींत आर्डुइनो ही पाटी निघाली. २०१४ सालीं शांघायच्या एका कंपनीची बिनतारी संदेश धाडणारी चकती अल्प किंमतींत मिळूं लागली. आतां शेतकऱ्याचें भाग्य उजळलें, असें पुष्कळांस वाटलें. परंतु केवळ स्वस्ताईनें काम होत नाहीं. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व लोझान येथील तंत्रविद्यापीठ यांनीं २००४ नंतर कर्नाटकांतील पावगड तालुक्यांत कोरडवाहू शेतांत असें जाळें बसवून पाहिलें. तेव्हां तीं साधनें गरीब शेतकऱ्यापेक्षां पिकांच्या अभ्यासकांसच अधिक उपयोगी, असें प्रयोगकर्त्यांस आढळलें. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. ज्याच्या विहिरींत पाणी नाहीं, त्यास माती कोरडी आहे हें यंत्रानें सांगून काय उपयोग?

जेथें थोडें तरी पाणी हातीं आहे, तेथें मात्र निराळें घडलें. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रिचर्ड स्टर्झाकर यांनीं कॅमेलिऑन नांवाचें साधन सिद्ध केलें. त्यांत आंकडेच नाहींत. निरनिराळ्या खोलीवरची माती ओली असल्यास निळा, बेताची असल्यास हिरवा, कोरडी असल्यास तांबडा दिवा लागतो. २०१३ सालीं सुरू झालेल्या प्रकल्पांत हें साधन टांझानिया, मोझांबिक व झिंबाब्वे येथील लहान शेतकऱ्यांच्या हातीं गेलें. आपण गरजेहून अधिक पाणी देऊन खत धुऊन घालवीत आहों, हें पुष्कळांस त्या निळ्या दिव्यांनीं उमगलें. त्यांनीं पाळ्या कमी केल्या. पीक घटलें नाहीं, वाढलें. आणि पाटाच्या टोंकाच्या शेजाऱ्यास पाणी पोंचूं लागल्यानें भांडणेंही निवळलीं.

महाराष्ट्रांत २०१७ पासून महावेध योजनेखालीं महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं, व पीकविम्याच्या निर्णयास त्यांचे आंकडे आधार झाले. परंतु एका मंडळांत अनेक गांवें, आणि वळवाची सर तर बांध ओलांडतांना बदलते. केंद्रावर पाऊस पडला आणि आपलें रान कोरडें राहिलें, तर शेतकऱ्यानें दाद मागावी ती कशाच्या बळावर?

म्हणूनच साधन किती स्वस्त, एवढाच प्रश्न आम्ही विचारीत नाहीं. त्याची नोंद कोणाच्या वहींत जाते, आणि ती वही शेतकऱ्यास वाचतां येते काय, हें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. शेतांतला आंकडा दूरच्या कंपनीच्या कोठारांत जमून शेतकऱ्यास परका झाला, तर सन्निधात्याचें कुंड केवळ नव्या नांवानें परत आलें असें होईल. ज्याच्या हातीं माप, त्याच्या हातीं निवाडा. इतक्या शतकांनंतर तें माप कुणब्याच्या हातीं येऊं पाहत आहे. तें तेथेंच राहील, एवढी दक्षता आपण घेतली पाहिजे.