बिजागरीचे नाव आणि जकातीचा तक्ता

परदेशातून आलेली एखादी पेटी बंदरावर उघडली, आणि तिच्यातून दाराची कुलुपे, बिजागऱ्या, कड्या, मुठी व स्क्रू बाहेर निघाले, तर त्यांवर सरकारने किती कर घ्यावा? प्रश्न वरवर पाहता कारकुनी आहे. परंतु कर किती हे ठरण्यापूर्वी वस्तू कोणती हे ठरावे लागते, आणि वस्तू कोणती हे ठरविणे म्हणजे तिला नाव देणे होय. आपल्या समाजातील कित्येक घरांत ऐरण व भाता पिढ्यान्‌पिढ्या चालला. आज त्याच घरांतील मुले हार्डवेअरची दुकाने चालवितात, आणि काही जण बाहेरदेशाहून मालही आणवितात. म्हणून दाराच्या लोखंडी-पितळी सामानास जकातीच्या तक्त्यात नाव कसकसे मिळत गेले, ह्याचा वृत्तान्त ह्या अंकात सांगावा असे आम्ही योजिले आहे.

कर आणि दार ह्यांचे नाते आपल्या देशात फार जुने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्ष आपली शुल्कशाला नगराच्या महाद्वाराजवळच उभारतो. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः किमतीचा पाचवा हिस्सा शुल्क. फुले, फळे, भाजी ह्यांवर सहावा. आणि तलम वस्त्रे, हरताळ, हिंगूळ, धातू इत्यादींवर दहावा किंवा पंधरावा. वस्तुभेदाप्रमाणे करभेद हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे. मात्र तेथे धातू तेवढा 'लोह' ह्या एका शब्दात आला. त्याची कडी झाली की कोयंडा, ह्याची विचारपूस नाही. जाता जाता एक गंमत सांगितली पाहिजे. इंग्रजीतील 'टॅरिफ' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ 'ओळख करून देणे' असा आहे. आपण मराठीत एखाद्याची 'तारीफ' करतो तो शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे जकातीचा तक्ता ही मूळ अर्थाने वस्तूंची ओळखवहीच ठरते.

ही ओळखवही इंग्रजी अमलात फारच आखूड होती. १८५७ च्या उठावानंतर सरकारचा खजिना रिकामा झाला. तो भरण्यासाठी आलेले पहिले अर्थमंत्री जेम्स विल्सन ह्यांनी १८६० मध्ये आयात मालावर सरसकट शेकडा १० कर बसविला. १८६४ मध्ये तो साडेसातावर आणि १८७५ मध्ये पाचावर आला. १८८२ मध्ये तर मीठ, मद्य, शस्त्रे, अफू असे थोडे पदार्थ सोडून आयातकर जवळजवळ उठविण्यातच आला. पुढे बारा वर्षे विलायती कुलपाला आणि बिजागरीला आपले बंदर उघडे होते. इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन व विलेनहॉल ही गावे कुलपांसाठी आणि बर्मिंगहॅम हे पितळी सामानासाठी प्रसिद्ध. तेथील यंत्रावर एका साच्यातून निघालेल्या मालासमोर हातोड्याने ठोकून केलेला माल कसा टिकणार? १८९४ मध्ये पुन्हा सामान्यतः शेकडा ५ कर आला, आणि लोखंड-पोलादावर अवघा १. पण तो महसुलासाठी होता, देशी कारागिराच्या रक्षणासाठी नव्हे. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून १८९६ मध्ये कापडावरचा आयातकर साडेतीनावर उतरवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादला गेला. कापडाच्या ह्या भांडणाने देश दुमदुमला. बिजागरीसाठी भांडणारा कोणी नव्हता.

आणि भांडणार तरी कशाच्या आधारे? त्या काळच्या व्यापारी आकड्यांत 'हार्डवेअर आणि कटलरी' असा एकच ढीग असे. चाकू, कात्री, कुलूप, बिजागरी, सारे एका ओळीत. आमच्या मते लोहारकीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याचे हे मोठेच दुर्दैव होय. विणकराच्या मागावर किती परदेशी कापड आले हे वारावारांत मोजलेले सापडते. परंतु लोहाराच्या नेमक्या कोणत्या वस्तूची जागा किती परदेशी मालाने घेतली, हे त्या एका ओळीवरून काढता येत नाही. ज्याला नाव नाही त्याची मोजदाद नाही, आणि मोजदाद नाही त्याची कोणी दादही घेत नाही.

तरी देशी कुलूप अगदीच मेले असे नव्हे. ह्याच काळात, १८९७ साली, अर्देशिर गोदरेज ह्यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. उत्तरेकडे अलीगढ हे गाव पुढे कुलपांचेच गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२२ मध्ये सामान्य आयातकर शेकडा १५ झाला, आणि १९२४ मध्ये पोलादाच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. ह्या दुसऱ्या गोष्टीचा लाभ मोठ्या भट्टीवाल्यांना झाला. छोट्या कारागिराला मात्र पोलाद हा कच्चा माल, त्यास तो महागच पडावयाचा. १९३४ चा टॅरिफ कायदा आला आणि तोच पुढे, स्वातंत्र्यानंतरही, चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला.

खरा पालट झाला तो ब्रुसेल्स नगरात. निरनिराळ्या देशांनी एकाच वस्तूला निरनिराळ्या कोठड्यांत घातल्यामुळे व्यापार अडत होता. म्हणून १५ डिसेंबर १९५० रोजी तेथे वस्तूंच्या समान नामावळीचा करार झाला आणि तो १९५९ मध्ये अमलात आला. आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क टॅरिफ कायद्याने त्याच धर्तीचा तक्ता घेतला. पुढे १९८३ मध्ये अधिक बारकाईची 'हार्मोनाइज्ड सिस्टिम' ठरली. ती जगात १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली; आपल्या देशाने तिचा तक्ता त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९८६ पासून स्वीकारला होता.

ह्या तक्त्याचा ८३ वा अध्याय आपल्या विषयाचा. त्यातील ८३०१ ह्या शीर्षाखाली कुलुपे व किल्ल्या आल्या. कुलूप किल्लीचे असो, आकडे जुळविण्याचे असो की विजेवर चालणारे असो, ते येथेच. ८३०२ मध्ये दारे, खिडक्या, जिने, कपाटे, पेट्या, गाड्या ह्यांस जडविण्याचे धातूचे सामान. तेथे बिजागरीला ८३०२.१० हे स्वतःचे घर मिळाले. ती वाड्याच्या दाराची असो, कपाटाची असो की मोटारीची. बिजागरी ती बिजागरी. कड्या, मुठी, खिट्ट्या आदी इमारतीचे इतर सामान ८३०२.४१ मध्ये, आणि दार आपोआप लावून घेणारे यंत्र ८३०२.६० मध्ये.

आता गोंधळाची जागा पाहा. इंग्रजी 'बोल्ट' हा शब्द दाराच्या अडसरालाही लागतो आणि चाकी बसणाऱ्या नट-बोल्टालाही. आपल्या भाषेत ही दोन सर्वस्वी वेगळी नावे आहेत, आणि तक्त्यातही ती वेगळीच आहेत. पोलादी नट-बोल्ट व स्क्रू ७३१८ मध्ये जातात, दाराची खिट्टी ८३०२ मध्ये. तीच खिट्टी किल्लीने फिरणारी असेल तर ती कुलपाच्या पंक्तीला, ८३०१ मध्ये, जाऊन बसते. बीजकावर नुसते 'बोल्ट' असे लिहून आलेला माल ह्यामुळेच अडकतो. शिवाय हा अध्याय सोने-चांदी वगळून लोखंड, पितळ, जस्त, ॲल्युमिनियम अशा सामान्य धातूंचा आहे. प्लास्टिकची मूठ हुबेहूब पितळेसारखी दिसली तरी तिची जागा ३९ व्या अध्यायात. मूठ व कुलूप एकाच संचात आले, तर त्या संचाचा प्राण कशात आहे हे पाहावे लागते. नेमके नाव असलेली कोठडी मोघम कोठडीपेक्षा वरचढ, हाही एक नियम आहे. व्याकरणातील अपवादाच्या सूत्राने सामान्य सूत्राला बाजूस सारावे, तसाच हा प्रकार. विद्यार्थ्यांस व्याकरण शिकविण्यात जन्म घालविलेल्या आम्हांस तो वाचताना परक्याच्या घरी गेल्यासारखे वाटले नाही.

पूर्वी मालाचे वर्गीकरण ठरविणे हे मुख्यतः कस्टम हाउसमधील अधिकाऱ्याचे काम असे. ८ एप्रिल २०११ पासून ते प्रथम आयात करणाऱ्यानेच करावयाचे ठरले; अधिकारी ते तपासतो. चुकीचे शीर्ष लिहून कर कमी भरला गेला तर फरक, व्याज आणि प्रसंगी दंड व्यापाऱ्याच्या माथी येतो. तेव्हा आपल्या तरुण दुकानदारांनी केवळ दलालाच्या शब्दावर न विसंबता, वस्तू कोणत्या पदार्थाची, कशासाठी, आणि किल्लीने चालते की हाताने, एवढे तरी नमुना हाती घेऊन पाहावे.

ह्या बारीक तक्त्यात एका गोष्टीची मात्र नोंद नाही. बिजागरी यंत्रातून हजारांनी निघाली की कोणा लोहाराने दिवसभर ठोकून एक जोडी केली, दोघींचा आकडा ८३०२.१० हाच. कारागिराचा हात ह्या वहीस दिसत नाही. फक्त वस्तूचे वय शंभर वर्षांहून अधिक झाले म्हणजे ती ८३ वा अध्याय सोडून ९७ व्या अध्यायात, ९७०६ ह्या शीर्षाखाली, पुराणवस्तू म्हणून गणली जाऊ शकते. आपल्याकडील १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची मर्यादाही सामान्यतः शंभर वर्षांचीच असून, त्या कायद्याखाली येणारी वस्तू खासगी माणसास परदेशी पाठविता येत नाही. आपल्यापैकी कोणाच्या जुन्या घराच्या दिंडी दरवाजाला पणजोबांच्या हातचा कडी-कोयंडा अद्याप असेल, तर तोही ह्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो.